घाणा बारा मिनिटांचा

एअर फ्रायर बघायला आलेलं मराठी गिऱ्हाईक दोन प्रश्न हमखास विचारतं. लाइट बिल किती येईल आणि यात कांदाभजी होतात का? पहिल्याचं उत्तर मी झोपेतही देईन. पंधराशे वॉटचं यंत्र पाव तास चाललं तर युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वीज जाते, म्हणजे एका कटिंग चहाचेही पैसे होत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र माणूस बघून द्यावं लागतं.

मी पुण्यात घरगुती उपकरणांचे डेमो देते. पगार कंपनीचा आणि उभं राहायचं दुकानात. मिक्सरपासून सुरुवात केली. चटणी वाटून दाखवायची, इडलीचं पीठ वाटून दाखवायचं, भांडं धुऊन पुन्हा ओट्यावर मांडायचं. मग मायक्रोवेव्ह आले, इंडक्शन आलं आणि करोनानंतर जो तो एअर फ्रायरचं विचारायला लागला. शनिवार-रविवार दुकानात, एरवी विकलेल्या यंत्राचा घरी जाऊन डेमो. या कामात मी लोकांना किती स्वयंपाक शिकवला ते जाऊ दे, पण लोकांच्या घरात काय शिजतं, कोण शिजवतं आणि कोण नुसतं बोलतं, हे मात्र फार कळलं.

एअर फ्रायर पहिल्यांदा हातात आला तेव्हा कंपनीनं एका हॉटेलात आम्हा डेमोवाल्यांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. शिकवणारा दिल्लीकडचा, तरुण, बोलायला गोड. त्यानं फ्रोझन फ्राइजची पिशवी फोडली, बास्केटमध्ये ओतली, दोनशे डिग्रीवर पंधरा मिनिटं लावली आणि सोनेरी, कुरकुरीत फ्राइज काढून प्लेटमध्ये मांडले. ‘झीरो ऑइल!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई टाळ्या न वाजवता रिकामी पिशवी उलटून मागचं बारीक वाचत होती. तिनं एका ओळीवर बोट ठेवून पिशवी माझ्यापुढे सरकवली. बटाटा, खाद्यतेल. फ्रोझन फ्राइज कारखान्यातून निघतानाच अर्धे तळलेले असतात. नगेट्सचंही तेच. तेल आधीच आत असतं, यंत्र ते फक्त तापवतं. त्या बाईचं मला आजही कौतुक वाटतं. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात मी जे शिकले त्यातलं सगळ्यात उपयोगाचं तिच्या त्या एका बोटानं शिकवलं. यंत्रातून काही छान बाहेर आलं, की त्यात तेल कुठून आलं ते आधी बघायचं.

यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. फ्रेड फान डर वेइ या डच माणसानं ते घडवलं आणि फिलिप्सनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आणलं. त्याच्या मनात होते बटाट्याचे फ्राइज. बेसनात बुडवलेला कांदा त्याच्या स्वप्नातही आला नसेल. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. गरम हवा वरून जोरात खाली येते, जाळीतून जाते, बाजूंनी वर चढते, पुन्हा खाली येते. नावात ‘फ्रायर’ असलं तरी हा छोटा ओव्हन आहे. ही गोष्ट दुकानात बोलायची नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. मी बोलते.

कारण ती न सांगता भज्यांचं काही समजावताच येत नाही. कंपनीच्या पुस्तिकेत भज्यांची कृती होती. वाटीभर बेसन, अर्धी वाटी पाणी, चिमूटभर सोडा, कांदा बुडवा आणि बास्केटमध्ये सोडा. ज्यानं लिहिली त्यानं ती एकदाही करून पाहिलेली नसणार. कढईत तापलेल्या तेलात पीठ पडलं की चहूबाजूंनी तेल त्याला भिडतं आणि क्षणात कवच धरतं. हवेला तेवढी ताकद नाही. दोनशे डिग्रीच्या ओव्हनमध्ये आपण हात घालून डबा सरकवतो, पण शंभर डिग्रीच्या उकळत्या पाण्यात बोट घालायची हिंमत होत नाही, त्यातलाच हा प्रकार. तापमान तेच असलं तरी हवा उष्णता पोचवते हळूहळू. तेवढ्या वेळात पातळ पीठ जाळीच्या भोकांतून खाली टपकतं, तळाशी त्याची पिवळी पोळी होते आणि वर उघडा पडलेला कांदा काळवंडतो. जे पीठ कांद्यावर टिकतं त्यावर तेल पोचलेलं नसेल तर तिथे पांढरट, कोरडे डाग राहतात आणि ते कच्च्या बेसनासारखेच लागतात. शिवाय पंखा. सुटे, पातळ कापलेले कांद्याचे काप हलके झाले की उडतात, थेट कॉइलला जाऊन चिकटतात आणि दुकानभर जळका वास. एका रविवारी शेजारच्या कंपनीच्या डेमोवाल्या मुलानं पुस्तिकेबरहुकूम भजी लावली होती. दहा मिनिटांनी त्यानं बास्केट ओढली आणि समोरच्या आजी म्हणाल्या, “बाळा, हे धुवायला किती वेळ लागेल रे?”

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, लासलगावच्या कांदाबाजारालगतचं. लहानपणापासून कांदा म्हणजे घरात भावाचीच चर्चा. आज काय फुटला, काल काय होता. त्यामुळे कांद्यात पाणी असतं हे मला वेगळं शिकावं लागलं नाही, पण त्याचा एअर फ्रायरशी संबंध लागायला डेमोच द्यावे लागले. पावसाळ्यात माझी भजी हमखास जमायची, डिसेंबरच्या प्रदर्शनात तीच भजी मऊ, लिबलिबीत. तेच यंत्र, तेच बेसन, तोच हात. भावाला फोन केला तर तो हसला. “पावसाळ्यात तू चाळीतला उन्हाळ कांदा खाते. आता बाजारात लाल आलाय. त्याच्यात पाणीच पाणी.” उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो आणि साठवणीच्या चाळीत चार-सहा महिने वाळत पडतो. त्याचं वजन घटतं म्हणून शेतकरी कपाळाला हात लावतो, पण भज्यांना तो सोन्यासारखा. खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या सुमारास येतो, टिकत नाही, लगेच विकावा लागतो आणि चिरला की पाट ओला करतो. कढईतल्या भज्यांना हा फरक जाणवत नाही असं नाही, पण तेल सांभाळून घेतं. हवा काही सांभाळत नाही. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा अनुभव आणखी वेगळा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, वेण्यांमध्ये विणून विकतात तो. तो गोड, त्यामुळे रंग झटकन धरतो. आत कच्चं असतानाच बाहेरून लालभडक. त्याला वीस डिग्री कमी लावायची.

आता कृती. ही मी घरोघरी इतकी सांगितली आहे की लिहिताना हात आपोआप चालतो.

दोन मध्यम कांदे उभे चिरायचे. तेलातल्या खेकडा भजीसाठी चिरतो त्याहून किंचित जाड, म्हणजे उडणार नाहीत. पाकळ्या हातानं सुट्या करायच्या. मीठ लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. मग मुठीत धरून नीट चुरायचं. कांदा घाम आल्यासारखा ओला होतो आणि परातीच्या तळाशी चमचा-दोन चमचे पाणी साठतं. ते फेकायचं नाही. भजी त्याच पाण्यात भिजवायची, वरून एक थेंबही घालायचा नाही. लाल कांदा असेल आणि पाणी फारच सुटलं असेल तर अर्धं बाजूला काढून ठेवावं, सकाळच्या भाजीत जातं. मग तिखट, हळद, हातावर चोळलेला ओवा, भरडलेले धणे, कोथिंबीर. बेसन पाच-सहा चमचे, पण आधी कोरड्या कढईत दोन-तीन मिनिटं परतून घेतलेलं, नुसता खमंग वास येईपर्यंत. बेसन परतणं पुस्तिकेत नाही, आणि ते केलं नाही तर कच्चेपणा जात नाही. तांदळाची पिठी एक चमचा. आणि दोन लहान चमचे तेल कडकडीत तापवून वर मोहन. ते तेल पिठात गेलं पाहिजे, नुसतं वरून शिंपडून भागत नाही. सोडा मी घालत नाही. तेलात तो फुगवतो, इथे नुसता रंग देतो आणि साबणासारखी चव मागे ठेवतो.

हातात घेतलेला गोळा मुठीतून सोडला तर तसाच पसरट पडला पाहिजे, पाकळ्यांचे पाय बाहेर आलेले. गोल गरगरीत भजी इथे चालत नाहीत, आत पीठ राहतं. मशीन एकशे ऐंशीवर तीन-चार मिनिटं रिकामं तापवायचं. जाळीला तेलाचं बोट. गोळे एकमेकांना न चिकटता, एकाच थरात. आठ मिनिटांनी उलटायचे, ब्रशनं वर तेलाचा हात, मग दोनशेवर चार मिनिटं. काढल्यावर ताटात रचायचे नाहीत, पोळ्यांच्या जाळीवर पसरायचे, नाहीतर स्वतःच्याच वाफेनं मऊ पडतात. हो, आणि बाजारात मिळणारा तयार तेलाचा स्प्रे नको. त्यातले घटक नॉनस्टिकवर चिकट थर धरतात आणि मग बास्केट बदलून मागायला लोक माझ्याकडेच येतात.

एवढं सगळं केलं की काय होतं? चांगली भजी होतात. कुरकुरीत, कांद्याची गोडी असलेली, हाताला तेल न लागणारी. पण सिंहगडावर पावसात कागदावर मिळतात ती भजी होत नाहीत. त्यांचा तो जाळीदार, तेलात फुललेला कुरकुरीतपणा हवेतून येत नाही आणि कोणी डेमोवाली येतो म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

माझ्या मनातली गणितं फिरवली ती एका भजीवाल्यानं. एका प्रदर्शनात तो आला, पन्नाशीचा, शर्टाच्या बाहीला बेसनाचे डाग, बरोबर बायको. हायवेला त्याची गाडी होती. त्यानं माझी भजी खाल्ली, मान हलवली आणि विचारलं, “घाणा किती मिनिटांचा?” म्हटलं, बारा. “एका घाण्यात किती?” म्हटलं, आठ-नऊ. तो बायकोकडे बघून म्हणाला, “तोवर पाऊस थांबेल की!” आजूबाजूचे सगळे हसले, मीसुद्धा. मग तो जरा थांबला. म्हणाला, तेलाचा खर्च मला मारतो, शिवाय तेलाची तपासणी व्हायला लागलीय, काळं तेल दिसलं की साहेब येतात. खरं होतं. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात खराब झालेल्या घटकांचं, म्हणजे पोलर कंपाउंड्सचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्याच्या धंद्यात वापरता येत नाही. त्याला यंत्र नको होतं, मार्ग हवा होता, आणि तो माझ्याकडे नव्हता. जाताना बायकोनं मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, दोघांपुरतं घरी करायला बरं आहे का?”

त्यानंतर मी गिऱ्हाइकाला भज्यांचं उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारायला लागले. घरात माणसं किती?

कारण भजी हा मुळातच खूप माणसांचा पदार्थ. कढईभर तेल तापलं की दोनासाठी काढायला हात धजत नाही. आणि पुण्यातली घरं आता दोनाचीच व्हायला लागलीयत. कोथरूडला एका आजींकडे डेमोला गेले होते. मुलगा-सून परदेशात, त्यांनीच ऑनलाइन मागवून पाठवलेलं यंत्र. आजी अठ्ठ्याहत्तरच्या, स्वच्छ सुती साडी, ओट्यावर सगळं मांडून तयार. मी कांदा चिरायला घेतला तर म्हणाल्या, “एकच घ्या.” मी म्हटलं, एकानं काय होणार? त्या म्हणाल्या, “चार होतील ना? मला चारच हवीत. मोठी कढई आता उचलवत नाही आणि हात थरथरतो, तेलाची भीती वाटते.” चार भजी मी लावली. त्या बास्केटच्या काचेत डोळे लावून उभ्या राहिल्या, मधेच पंख्याचा आवाज कमी करता येत नाही का असं विचारलं. झाली तेव्हा दोन मला दिली, दोन त्यांनी घेतली, चहा टाकला. म्हणाल्या, गेल्या चार पावसाळ्यांत घरची भजी खाल्ली नव्हती. आणि मग लगेच, “ओवा जास्त झालाय तुमचा.”

बरोबर उलटं वाकडला. बायपास झालेले सासरे, घरात सून, मुलगा, दोन नातवंडं, पाहुणे आलेले. यंत्र सुनेनं घेतलं होतं, सासऱ्यांसाठी. पण ते ओट्यावर लावलं होतं मायक्रोवेव्हच्या शेजारी, छोट्या प्लगला, मागची बाजू भिंतीला टेकवून. मागून गरम हवा बाहेर येते, तिला वीतभर तरी जागा लागते. आणि पंधराशे वॉटचं यंत्र छोट्या सहा अँपिअरच्या प्लगवर नेहमी चालवू नये, मोठा प्लग हवा. हे घरोघरी सांगूनही लोक ऐकत नाहीत. असो. पहिल्या घाण्यातली भजी सासऱ्यांना दिली. त्यांनी एक खाल्लं, बराच वेळ चावलं आणि म्हणाले, “छान आहे हो खाकरा.” सून रडवेली झाली. दुसरा घाणा होईपर्यंत नातवंडांनी पहिला संपवला, तिसऱ्याच्या वेळी पाहुण्यांनी बाहेरून भजी मागवली. सासऱ्यांना खरं तर भजीच नको होती, त्यांना सगळ्यांबरोबर ताटावर बसायचं होतं. आणि बारा-बारा मिनिटांच्या घाण्यांत सगळे एकत्र बसतच नाहीत. महिन्यानं सुनेचा फोन आला. ती आता त्यात शेंगदाणे भाजते, कोथिंबीरवड्या करते आणि बाहेरून आणलेली भजी थोडी मऊ पडली की तीन मिनिटं दोनशेवर फिरवते. “त्यात मात्र ते मस्त काम करतं,” म्हणाली. करतंच. कालची भजी, कालचा वडा, कालचा सामोसा यांना ताजं करण्यात या यंत्राचा हात कोणी धरणार नाही. त्या प्रशिक्षणातल्या फ्राइजचंच ते. तेल आत आधीच आहे.

वड्यांचीही कथा तीच. आळूवडी, कोथिंबीरवडी, मुठिया हे पदार्थ आधी वाफवलेले असतात. आत शिजलेलं, आकार धरलेला. वर तेलाचा हात लावला की हवा त्यांना फक्त कुरकुरीत करते, आणि ते तिला छान जमतं. पुण्यात मी भजी दाखवून यंत्र विकते आणि लोक घरी जाऊन आळूवड्या करतात. मला त्यात काही वाईट वाटत नाही.

मुलांचा एक हट्ट मात्र मी पुरवते. मोबाइलवर बघितलेलं कांद्याचं फूल. अमेरिकेतल्या एका हॉटेलसाखळीनं १९८८ पासून तळलेल्या अख्ख्या कांद्याचं फूल प्रसिद्ध केलं. एका सातवी-आठवीतल्या मुलीनं मला तो व्हिडिओ दाखवला आणि म्हणाली, हे करा. मोठा कांदा घेतला, देठाचा भाग कापला, मुळाकडची बाजू तशीच ठेवली आणि वरून खालपर्यंत, पण मुळापर्यंत न नेता, सोळा चिरा दिल्या. बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवला तर पाकळ्या आपोआप उघडल्या. मग नीट पुसून आधी तिखट-मीठ घातलेलं कोरडं पीठ, मग ताकात कालवलेलं बेसन, मग ब्रेडचा चुरा आणि वर तेलाचे फवारे. पाकळ्यांच्या मधे चुरा बोटानं भरावा लागतो, हे कोणी व्हिडिओत दाखवत नाही. एकशे साठवर वीसेक मिनिटं. हे मात्र हवेला सुंदर जमतं, कारण वरचा थर कोरडा आहे, टपकायचं काही नाही. टोकं तपकिरी, आतल्या पाकळ्या मऊ, गोड. मुलगी खूश, आई पाकीट काढतेय, आणि वडील हळूच विचारताहेत, “पण भजी?”

‘ऐंशी टक्के कमी तेल’ असले आकडे आम्हाला पाठ करायला दिलेले असतात. मी ते म्हणत नाही. बेसन बेसनच आहे, कांदा कांदाच आहे आणि महिन्यातून एकदा खाल्लेल्या भज्यांनी कोणाचं काही बिघडलेलं मला दिसलं नाही. उलट यंत्र आलं की भजी आठवड्याला होतात, तेही पौष्टिक समजून. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये स्वयंपाकातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं, त्यानंतर काही आठवडे दुकानात येणारा प्रत्येक जण मला तेच ऐकवत होता. मला विचाराल तर घरातला खरा फायदा पोटात गेलेल्या तेलाचा नाही, उरलेल्या तेलाचा आहे. प्रत्येक स्वयंपाकघरात कढईतलं उरलेलं तेल गाळून ठेवलेला एक स्टीलचा डबा असतो. टाकवत नाही म्हणून ते आठवडाभर फोडणीला, पुऱ्यांना, पुन्हा भज्यांना. तो डबा एअर फ्रायरमुळे खरंच रिकामा होतो. हे मात्र मी छातीठोकपणे सांगते, आणि हेच ऐकताना बायका मान डोलावतात.

परदेशातल्या मराठी मुलींचे फोन हा अलीकडचा प्रकार. आईनं यंत्र घेतलं, आईनं माझा नंबर दिला. नेदरलँड्समध्ये राहणारी एक मुलगी म्हणाली, तेलात तळलं की फ्लॅटमधला धुराचा अलार्म वाजतो, शेजारी दार ठोठावतात, म्हणून हेच. पण भजी बाहेरून करपतात, आतून कच्ची. विचारलं, कांदा कसला? पिवळा, म्हणाली, तिकडे तोच मिळतो. तिला भजी छोटी, पसरट करून एकशे साठवर जास्त वेळ ठेवायला सांगितलं आणि शेवटची दोन मिनिटंच तापमान वाढवायला. दुसऱ्या दिवशी फोटो आला. खेकड्यासारखे पाय फुटलेले, छान रंग. खाली लिहिलं होतं, नवऱ्यानं सगळी खाल्ली.

आषाढात कांदेनवमीचा आठवडा हा आमचा सगळ्यात गडबडीचा. चातुर्मास सुरू व्हायच्या आधी पोटभर कांदा खाऊन घ्यायचा, म्हणून भज्यांचा विषय सगळ्यांच्याच डोक्यात. मी दिवसभर कांदाच चिरते, संध्याकाळी बसमध्ये शेजारचा माणूस सरकून बसतो. गेल्या वर्षी त्या आठवड्यात एक बाई आल्या, भारदस्त, नाकात नथ, बरोबर दोन सुना आणि एक पुतण्या. सगळ्यात मोठ्या मॉडेलवर बोट ठेवलं, भजी चाखली, आवडली. पैसे काढायला पर्स उघडली. मी विचारलं, घरात माणसं किती? “अकरा. आणि नवमीला नणंदा येतात.” म्हटलं, मग घेऊ नका. चार-चार घाणे लावत बसाल, पहिली भजी गार होतील, शेवटची खाणारे चिडतील. कढईच बरी. माझा एरिया मॅनेजर नेमका मागे उभा होता. त्यानं काही न बोलता मोबाइल काढला आणि बाहेर गेला, त्याचा अर्थ मला चांगला कळला.

बाई पायऱ्या उतरल्या. मग परत वर आल्या, सुना खालीच थांबल्या.

“ते आळूवडीचं किती मिनिटं म्हणालात?”